लिफ्टची झीज

मीरा रोडला चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला पाच हजार रुपये लागतात. थाप वाटत असेल तर पावती आहे. पावतीवर शिक्का आहे, शिक्क्यात सोसायटीचा नोंदणी क्रमांक आहे, खाली खजिनदारांची झोकदार सही आहे आणि 'कशाबद्दल' या शब्दापुढच्या ठिपक्यांवर निळ्या बॉलपेनाने लिहिलं आहे, 'शिफ्टिंग चार्जेस, लिफ्टची झीज'.

पावती आमच्या भाच्याची. उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्यापासून बिचारा अंधारात उठून विरार गाठायचा आणि तिथून पुढची गाडी पकडायचा. ती चुकली की दिवस गेला. शेवटी बायकोने विचारलं, तुमचं घर नक्की कुठल्या डब्यात आहे? तेव्हा बिऱ्हाडच तिकडे न्यायचं ठरलं. मुलगा नियोजनाचा. त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. ट्रक, खोकी, हमाली, टोल, नव्या घराची अनामत, दलालाचा एक महिना, मुलीची शाळा, गॅस, आणि शेवटी 'अचानक' या नावाने एकूण खर्चाच्या दहा टक्के. प्रत्येक बाबीला तीन-तीन जणांचे भाव. सामान बघायला हल्ली कुणी घरी येत नाही, फोनवर चित्र दाखवावं लागतं. पलीकडचा मुलगा म्हणतो, सर, जरा बेडखालचं दाखवा. मॅडम, माळा दाखवा. माळा दाखवल्यावर भाव तीन हजारांनी वाढला, कारण तिथे आमच्या बहिणीचा तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा आणि कुणाचीच नसलेली एक तिचाकी सायकल निघाली. पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर, नको असेल तर विश्वास. एवढं सगळं तक्त्यात बसलं. बसली नाही ती लिफ्ट.

कारण लिफ्ट वापरायचीच नव्हती. लिफ्टच्या आत, आरशाशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली सूचना आहे: घरसामान, फर्निचर लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई, उल्लंघन केल्यास दंड. भाच्याने ती वाचली, मानली आणि ट्रकवाल्याला जिन्याच्या हमालीचे जादा पैसे कबूल केले. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो सेक्रेटरींकडे गेटपास मागायला गेला, तर ते म्हणाले, पाच हजार आणि वर दहा हजार अनामत. अनामत कशाची, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही. पाच हजारांचं मात्र विचारलं. ते म्हणाले, लिफ्टची झीज.

'पण सामान तर जिन्याने जाणार आहे.'

'तेच तर! तुमचं कपाट जिन्यात असणार दिवसभर. मग बाकीच्या मेंबरांनी जायचं कशाने? लिफ्टने. म्हणजे लिफ्टवर लोड कुणामुळे आला?'

या उत्तरापुढे मी तरी हात टेकले. न्यायशास्त्राच्या जुन्या पंडितांना घट आणि पट सोडून दुसरं उदाहरण हवं असेल तर ते मीरा रोडला मिळेल. जी वस्तू तुम्ही वापरली नाहीत तिची झीज तुम्ही न वापरल्यामुळे झाली, हे एकदा मान्य केलं की पुढे रस्ता मोकळा आहे. पहिल्या मजल्यावरचे आजोबा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळी जिना चढ-उतर करतात. त्यांना वाट द्यायला कुणीतरी लिफ्टने जात असणार, तर आजोबांना महिन्याला दोनशे रुपये. जी मुलं होळीला गावी गेली ती इथे असती तर जिन्यावरून उड्या मारत गेली असती. ती नसल्यामुळे जिना सुना पडला, सुन्या जिन्याची लोकांना भीती वाटली, लोक लिफ्टने गेले, तर गावी जाण्याचा आकार वेगळा. आणि वीज जाते तेव्हा लिफ्ट बंद असते, त्या काळात न झालेल्या झिजेचा बोजा वीज आल्यावर एकदम पडतो, तो सर्वांना सारखा वाटून. यातली कुठलीही कल्पना मी कमिटीला फुकट देतो. त्यातल्या एखादीचा ठराव आधीच झालेला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत लिफ्टचा उल्लेख आहे. इमारतीतल्या लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीच्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, मग कुणी लिफ्ट वापरो न वापरो. म्हणून तर तळमजल्यावरच्या माणसाच्या बिलातही लिफ्ट असते आणि तो वर्षातून एकदा, गच्चीवर कोजागिरीला जाताना, ती वसूल करतो. म्हणजे भाच्याने झिजेचे पैसे दर महिन्याला भरलेच होते. घरी राहायला आला तेव्हाही 'शिफ्टिंग'चे भरले होते. आता जाताना भरले. वर जाण्याचं एक वेळ समजू शकतो. उतरायला तर पृथ्वीही मदत करते आणि तिने आजवर पावती फाडलेली नाही.

जरा हिशेब करू. चार मजले म्हणजे बारा मीटर. बारा मीटरला पाच हजार. मीरा रोड ते उंबरगाव एकशेवीस किलोमीटर धरा, म्हणजे एक लाख वीस हजार मीटर. ट्रकवाल्याने सोसायटीच्या दराने भाडं लावलं असतं तर बरोब्बर पाच कोटी रुपये झाले असते. त्या भल्या माणसाने खोकी, हमाली, डिझेल आणि खानिवडे-चारोटीचा टोल धरून अठरा हजार घेतले, आणि कपाटाची मूठ निखळली म्हणून त्यातले दोनशे आपण होऊन कमी केले.

सरकारसुद्धा इतकं टोकाचं वागत नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला किती जड जातंय ते वाचकांनी समजून घ्यावं. उंबरगाव गुजरातेत आणि भाच्याची गाडी एमएच-04. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 47 म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्या. त्यासाठी इकडची ना-हरकत, मग तिकडचा कर एकरकमी, आणि तो भरल्यावर इकडे भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागायला पुन्हा इकडेच फेऱ्या. ही कटकट वाचवणारी 'बीएच' मालिका 2021 पासून आहे, पण खासगी नोकरीवाल्याला ती हवी तर त्याच्या कंपनीची कार्यालयं निदान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत पाहिजेत. भाच्याची कंपनी एका शेडमध्ये आहे आणि शेडच्या अर्ध्या भागात दुसरी कंपनी आहे. गॅसचंही तसंच. सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. आईच्या काळातली अनामत त्या काळच्या दराने परत मिळते आणि नवी जोडणी घेताना एका सिलिंडरचे 2200 भरायचे, हा जून 2022 पासूनचा दर. मुलगी तिसरीत, इकडे 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची, तिकडे 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची. पोर दोन्ही शिकेल, पोरांचं काही अडत नाही. पण बघा, दोन राज्यांच्या मध्ये उभं असलेलं सरकार निदान वर्षभर तरी गाडीच्या नंबराबद्दल गप्प राहतं. सोसायटी गेटच्या आतच हिशेब मिटवते.

आणि राज्य म्हणजे तरी काय? 30 एप्रिल 1960 च्या रात्रीपर्यंत भाईंदर आणि उंबरगाव एकाच ठाणे जिल्ह्यात होते. 1 मेला दोन राज्यं झाली आणि उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला. आजही गाडी घोलवड, बोर्डी रोड अशी चिकूच्या वाड्यांमधून जाते आणि पुढचं स्टेशन उंबरगाव रोड. आपण राज्य बदललं हे फलाटावरची पाटी वाचणाऱ्यालाच कळतं. भाच्याच्या पणजोबांनी हेच बिऱ्हाड बैलगाडीतून हलवलं असतं तर एका मामलेदाराच्या हद्दीतून दुसऱ्या मामलेदाराच्या हद्दीत गेले असते, एवढंच. लिफ्ट नव्हती म्हणून वाचले. वाटेत चारोटीजवळ सूर्या नदी लागते. मीरा-भाईंदरकर ज्या सूर्येच्या पाण्याची वाट पाहत टँकरची बिलं भरत आले, ती नदी भाच्याने गाडीच्या काचेतून पाहिली. पुलाखाली पाणी होतं. त्याने मला फोटो पाठवला. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सांगितला, त्याने टाकला नाही. अनामत अडकलेली होती.

1987 साली रविवार सकाळी अख्खा देश आंघोळ करून ज्या 'रामायण' मालिकेपुढे बसायचा, तिचं चित्रीकरण याच उंबरगावात झालं. चौदा वर्षांसाठी घर सोडून निघालेल्या त्या तिघांचं सामान बेताचं होतं हे खरं, पण अयोध्येच्या पायऱ्यांची झीज म्हणून कैकेयीनेही काही आकारलं नव्हतं.

इथपर्यंत हसून लिहिलं. आता त्या दिवशीचा जिना सांगतो, कारण मी तिथे होतो. चार हमाल होते. लोखंडी कपाट रिकामं केलं तरी ते लोखंडीच असतं. एकाने पाठीवर घेतलं, कपाळावरून पट्टा, खाली फडक्याची चुंबळ. दुसरा खालून एकेक पायरी मोजत उलटा उतरत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. तिथे हात फिरवायला जागा नाही, कारण वळणावरच कुणाची तरी चपलांची मांडणी आणि तुळशीची कुंडी. ही मांडणी जिन्याची झीज करत नाही, कारण ती कमिटीतल्या सभासदाची आहे. पाठीवर कपाट घेऊन तो माणूस तसाच वाकून उभा, मांडणी सरकेपर्यंत. आणि सेक्रेटरी त्याच्यामागे मोबाइल घेऊन भिंतीचे फोटो काढत होते, ओरखडा सापडतो का बघायला. कपाट खाली ठेवून हमाल पुन्हा वर निघाले, रिकाम्या हातांनी, आणि लिफ्टचं बटण दाबलं, तर वॉचमन धावला. त्याचा दोष नाही, त्याला नोकरी टिकवायची आहे. आरशाशेजारी दुसरं प्लास्टिकचं पाकीट आहे: घरकामगार, डिलिव्हरीवाले, हमाल यांनी जिन्याचा वापर करावा. ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार रोज जिन्याने वर येतो, दहा किलोचं दळण जिन्याने येतं, आणि त्याचा कुत्रा लिफ्टने खाली फिरायला जातो. कुत्र्याला जाऊ द्या लिफ्टने, माझी तक्रार नाही. पण पाठीवर दीडशे किलो नेऊन आलेल्या माणसाला मोकळं वर जायला लिफ्ट मिळू नये आणि तिच्या झिजेचे पाच हजार मात्र त्याच्याच फेऱ्यांवरून लावावेत, याला नियम म्हणू नका. याला माजोरेपणा म्हणतात. त्या चौघांना दिवसाअखेर मिळून जे मिळालं ते त्या पावतीच्या निम्मंही नव्हतं. पाणी तळमजल्यावरच्या बाईंनी दिलं. कमिटीपैकी कुणाला सुचलं नाही.

असो. ट्रक गेला, काशिमीऱ्याला अडकला, घोडबंदरच्या पुलावर आणखी अडकला आणि रात्री उंबरगावला पोचला. तिथल्या घरमालकाने विचारलं, जेवलात का? चौदा फुटी ट्रक दारात उभा करायचे पैसे त्याने मागितले नाहीत म्हणून भाचा अजून अस्वस्थ आहे. म्हणतो, मामा, यात काहीतरी गोम असणार.

गोम इकडे होती. मीरा रोडचं घर भाड्याने द्यायचं ठरलं तसं पुढच्या बिलात बिनभोगवटा शुल्क आलं, सेवाशुल्काच्या पंचवीस टक्के. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या दहा टक्क्यांत पालिकेचा कर धरता येत नाही. भाच्याने आदेशाची प्रत पाठवली. आठ दिवसांनी शुल्क निमूट दहा टक्क्यांवर आलं. त्याच आठवड्यात भिंतीवर ओरखडा सापडल्याचं पत्र आलं, सोबत फोटो. फोटोत ओरखडा आहे आणि त्याच्या शेजारी चपलांची मांडणीही आहे. अनामतीतून अडीच हजार वजा, बाकीचे 'यथावकाश'.

ओरखड्याच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की हे सर्व दर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मंजूर आहेत. ते खरं आहे. मी इतिवृत्त मागवून वाचलं. सभा सकाळी दहाची होती, गणसंख्या भरली नाही म्हणून साडेदहाची केली, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. हजर नऊ जण. त्यातले सात कमिटीचे. आमचा भाचा त्या दिवशी घरीच होता आणि रविवार म्हणून झोपला होता. त्या इमारतीत चौसष्ट घरं आहेत.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस तुमच्याही लिफ्टमध्ये लागेल. वाचा, आणि दहाची असेल तर दहालाच जा. साडेदहाला ठराव झालेला असतो.