घंटेवाले मामा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात कुणाचंही लग्न असो, नवरी गाडीतून उतरायच्या आत मामांनी फोटोग्राफरला गाठलेलं असतं. छत्रीच्या टोकाने चर्चच्या भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "हा चुना. तो कोपरा सिमेंट. मागच्या दुरुस्तीचं पाप!" चुन्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हात सोडते, वरून सिमेंट थापलं की ओल आतच कुजत बसते. हे मामा इतक्या कळकळीने सांगतात, की फादरांना आपलं प्रवचन फिकं वाटावं. पॅरिशच्या सभेत कुणी 'टाइल्स' म्हणालं की त्यांचा रक्तदाब चढतो. मामी गोळी पदराला बांधूनच येतात.

पण खरा जीव घंटांत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. अजून त्या देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ ची; मेणवलीला कृष्णेच्या घाटावर १७०७ ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया. ही सालं मामांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ. 'लुटून नेल्या' असं ते चुकूनही म्हणत नाहीत. "आमच्या लेकी. सासरी गेल्या."

एकदा त्यांच्याबरोबर भीमाशंकरला गेलो. घंटेवर क्रूस आणि १७२९. मामांनी भिंग काढलं, रुमाल थुंकीने ओला केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खिशात घालून बिसलेरीचं पाणी घेतलं आणि आकड्यातली धूळ हलकेच टिपली. मागून कुणी ओरडलं, "ओ काका, दर्शनाची रांग तिकडं!"

"दर्शनच चाललंय," भिंगावरचा डोळा न काढता मामा म्हणाले.

परतताना एसटीत ते गप्प होते. घाट मागे पडल्यावर म्हणाले, "ही आपल्याच चर्चची."

"कशावरून?"

"आवाजावरून."

घंटा कुणी वाजवलीच नव्हती. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

आमच्या मनोऱ्यातही एक घंटा आहे, रोज संध्याकाळी वाजते. तिच्यावर कुठलं साल आहे, असं मी परवा विचारलं. मामांनी गुडघे चोळले.

"जिना फार उभा आहे रे," म्हणाले.