कुरळ्या जावळाची कुटुंबसभा

बाळाच्या नावावर घरात एकदाचं एकमत होतं. त्याच्या कुरळ्या जावळावर कधीच नाही. बाळंतविडा घेऊन आलेली प्रत्येक बाई आधी केसांत बोटं घालते, मग विचारते, "हे कुणावर गेलं गं?" दोन्हीकडचे व्याही हात झटकून मोकळे.

मालीशवाल्या मावशींचा निकाल पक्का: वाटीभर तेल थापा, डाळीच्या पिठाने खसाखसा चोळा, केस आपोआप सरळ. पीठ वळ्यांत जाऊन बसतं आणि संध्याकाळपर्यंत बाळाच्या डोक्याला कच्च्या भज्यांचा वास येतो. आजोबांचा उपाय याहून जालीम. मामाच्या मांडीवर बसवा, जावळ काढा, पुढचे केस सुतासारखे येतील. केसाचं वळण त्वचेखालच्या मुळाच्या आकारावर ठरतं, वस्तरा तिथवर पोचत नाही, असं म्हणावं तर "आम्ही चार पोरं वाढवली" हे प्रमाणपत्र पुढे येतं. वर्षा-दोन वर्षांत केस आपले आपणच बदलले, तर श्रेय न्हाव्याला.

खरी निगा भलतीच साधी. टाळूतून सुटणारी स्निग्धता वळणावळणाने टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून कुरळे केस कोरडे. शाम्पू रोज नको. केस ओले असतानाच, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. पंच्याने टिपायचं, घासायचं नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होणार? सल्ल्यात निदान चार जिन्नस आणि थोडी रडारड हवीच.

ज्या आत्याला हे जावळ डोळ्यांत खुपतं, ती बारशाला पार्लरमधून स्वतःचे केस कुरळे करून आली होती.