एका खुर्चीला किती बंदुका? : शांतताकर्त्या मध्यस्थांस अनावृत पत्र

माननीय मध्यस्थ महोदय,
मुक्काम : दोहा, जिनिव्हा किंवा सध्या जिथे चांगले हॉटेल मिळाले असेल तिथे.

स. न. वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. जगात कुठेही युद्ध पेटले की आपण धावत जाता, टेबल मांडता, खुर्च्या लावता. गावे जाळणाऱ्याला एक खुर्ची, पूल उडवणाऱ्याला दुसरी. त्याच जळक्या गावांत ज्या बायकांनी पोरे जगवली, त्यांचे नाव यादीत नसते. चूक त्यांचीच. वेळेवर चार घरे पेटवली असती, तर आपण त्यांनाही विमानाचे तिकीट धाडले असते.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात झालेला अमेरिका-तालिबान करार ही आपल्या परंपरेतली खास कलाकृती. फौजा कधी हलवायच्या, पाच हजारांपर्यंत कैदी कसे सोडायचे, सारे तपशीलवार. अफगाण बायकांबद्दल मात्र एक अक्षर नाही. अर्थात, अफगाण सरकारलाही त्या टेबलाशी जागा नव्हती. मग बायकांनी मनाला का लावून घ्यावे? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि मुलींच्या माध्यमिक शाळांना कुलुपे लागली. तेव्हा आपल्याला केवढे आश्चर्य वाटले! चिंतासुद्धा तीव्र व्यक्त केलीत.

या आश्चर्यातून सावरून २०२४ मध्ये पुन्हा दोहा गाठले. या वेळी बैठक संयुक्त राष्ट्रांची. अफगाण बायका खोलीत नकोत, असे तालिबानचे म्हणणे. ते मानले गेले. स्त्रियांच्या हक्कांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवरही नव्हता. अध्यक्षस्थानी संयुक्त राष्ट्रांच्या रोझमेरी डिकार्लो होत्या, म्हणजे समतेचा प्रश्न मिटलाच. तालिबान उठून गेल्यावर मग नागरी संघटनांतल्या मोजक्या बायकांना वेगळे बोलावले गेले. आमच्याकडच्या जुन्या लग्नांतही पुरुषांची पंगत उठल्यावरच बायकांची बसे. पण निदान पानात वाढलेले तेच असे.

कायदा नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ एकमताने मंजूर केला: शांततेच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर स्त्रिया हव्यात. लैंगिक अत्याचार माफीतून वगळावेत, हेही त्यात आहे. अर्थात जमेल तिथे. पुढे याच विषयावर आणखी नऊ ठराव झाले. आणि फळ? १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया सरासरी १३ टक्के, मध्यस्थांमध्ये ६, सह्या करणाऱ्यांमध्येही ६. ठराव करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर ठाऊक आहे: बंदूक ज्याच्या हातात, तोच ती खाली ठेवू शकतो. मुद्दा खोटा नाही. गोळीबार थांबवायचा तर गोळ्या झाडणाऱ्याशीच बोलावे लागते. पण बोलणी तेवढ्यावर थांबतात कुठे?

जुलै २००३. घानाची राजधानी अक्रा. लायबेरियाचे सरदार हॉटेलात बोलणी करत होते आणि तिकडे त्यांच्या राजधानीवर, मनरोव्हियावर, तोफगोळे पडत होते. लायबेरियातल्या बायकांच्या शांतता चळवळीची नेती लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या: करार केल्याशिवाय कुणी बाहेर पडायचे नाही. तिला अटक करायला सुरक्षारक्षक आले, तेव्हा तिने अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. रक्षक मागे हटले. १८ ऑगस्टला करार झाला. त्यात काय होते? गटागटांत खात्यांची वाटणी! न्याय आणि अर्थ एका बंडखोर गटाला, परराष्ट्र दुसऱ्याला. ज्यांच्यावर खटले भरायला हवे होते, त्यांच्याकडेच न्यायखाते. बोवीलाही आपण विसरला नाहीत. आठ वर्षांनी तिला नोबेल मिळाले. न्यायखात्यापेक्षा ते स्वस्त पडते.

बायकांना यातले काय कळते, असेही आपण खासगीत म्हणत असाल. मे १९१९ मध्ये झुरिचला जमलेल्या बायकांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाच्या अटी वाचून बजावले होते की यातून पुढची युद्धेच निघतील. पॅरिसच्या टेबलाशी बसलेल्या तज्ज्ञ पुरुषांना ते पटायला वीस वर्षे आणि एक महायुद्ध लागले. बेलफास्टमध्ये १९९६ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायकांनी मिळून पक्ष काढला आणि मते मिळवून उत्तर आयर्लंडच्या शांतता वाटाघाटींत दोन जागा घेतल्या. त्या बोलायला उठल्या की काही सन्माननीय सदस्य गायीसारखे हंबरत. १९९८ च्या करारात हिंसाचाराच्या बळींची दखल आणि दोन्ही धर्मांच्या मुलांचे एकत्र शिक्षण हे विषय आले, त्यामागे या बायकांचा आग्रह होता. हंबरणाऱ्यांना ते सुचले नव्हते.

तेव्हा एक नम्र सूचना. युद्धबंदीसाठी बंदूकवाल्यांचे टेबल खुशाल मांडा. पण शाळा, जमीन, न्यायालय, राज्यघटना हे विषय त्या टेबलावरून उचला. ते ज्यांना त्या देशात जगायचे आहे त्यांचे आहेत. हे जमणार नसेल, तर निदान पात्रतेचे नियम जाहीर करा: एका खुर्चीला किमान किती बंदुका, किती जळकी गावे, आणि न्यायखाते हवे असल्यास किती जादा. जगातला प्रत्येक होतकरू सरदार हा हिशेब तुमच्या टेबलाकडे पाहून आधीच शिकला आहे. बायकांनाच तेवढा तो अजून कुणी लेखी दिलेला नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपली,
एक निःशस्त्र, म्हणून अपात्र