गोळी नेमकी कुठे लागली?

शेरलॉक होम्सच्या भक्तमंडळात शिरायचं तर तीन गोष्टी मान्य कराव्या लागतात. होम्स खरोखर होऊन गेला, त्याच्या कथा डॉ. वॉटसनने लिहिल्या आणि आर्थर कॉनन डॉयल हा वॉटसनचा नुसता साहित्यिक एजंट. हे सगळं चेहऱ्यावरची रेषही न हलू देता बोलायचं. हसला तो बाद! रोनाल्ड नॉक्सने १९११ मध्ये ऑक्सफर्डला होम्सवर निबंध वाचला, तेव्हापासून हा खेळ रंगात आहे.

खेळाला कच्चा माल खुद्द डॉयलनेच पुरवला. साठ कथा-कादंबऱ्या लिहिल्या, पण मागचं पान उलटून बघायचा कंटाळा. पहिल्या कादंबरीत वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागते ती खांद्याला, दुसरीत ती पायात उतरते. एका कथेत तर जॉन वॉटसनला त्याची सख्खी बायको ‘जेम्स’ म्हणते. लग्नात बायकोचं नाव बदलतात हे आपल्याला ठाऊक. इथे नवऱ्याचंच बदललं! डोरोथी सेयर्स या नामवंत लेखिकेने तोड काढली. ‘जॉन एच. वॉटसन’मधला ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. संसार वाचला.

न्यूयॉर्कला १९३४ पासून ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ नावाचं मंडळ आहे. तिथे १९४१ मध्ये लेखक रेक्स स्टाउटने वॉटसन ही बाई होती, असं कथांतले दाखले देऊन ‘सिद्ध’ केलं. २०१२ मध्ये ‘एलिमेंटरी’ मालिकेत अभिनेत्री लूसी ल्यू खरंच वॉटसन झाली. थट्टेला एवढं मानधन क्वचितच मिळतं.

बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका आम्ही दोघांनी मिळून पाहिली. पहिल्याच भागात वॉटसन काठी टेकत येतो. शेवटी गोळी खांद्याला लागल्याचं कळलं, तशी ही म्हणाली, ‘‘अहो, मग हा लंगडत कशाला होता?’’ मी सोफ्यावरून उठून टाळ्याच वाजवल्या. जखम खांद्याची, लंगडणं मनाचं! सव्वाशे वर्षांचा दावा एका भागात निकाली. पुढे ‘हेमिश’ही येतोच. मालिका रचणारे मोफॅट आणि गेटिस मुळात भक्तच. पटकथेच्या नावाखाली त्यांनी मंडळाचा अहवालच सादर केला.

निर्दोष कथा वाचून आपण कपाटात ठेवतो. चुकलेली कथा दुरुस्त करायला मात्र पिढ्या खपतात. म्हणून नवोदित लेखकांना एवढीच विनंती की शुद्धलेखन जरूर तपासा, पण एखादी गोळी जागची हलू द्या.