साडूंचा मॅन्युअल मोड

पहिलावहिला डीएसएलआर घेतलेला माणूस मंगल कार्यालयात लांबूनही ओळखता येतो. सगळे नवरा-नवरीकडे पाहत असतात, हा एकटा स्वतःच्या हातांकडे पाहत असतो. मग घाईघाईनं मान वर करतो, कॅमेरा डोळ्याला लावतो, तोवर जे टिपायचं ते होऊन गेलेलं असतं. किट लेन्ससकट कॅमेरा तीस-पस्तीस हजारांत मिळायला लागला आणि मोबाइलचे फोटो अजून फारसे धड येत नव्हते, त्या मधल्या वर्षांत अशा माणसांची एक पिढीच महाराष्ट्रात तयार झाली. त्या पिढीचे आमच्या घरातले प्रतिनिधी म्हणजे माझे थोरले साडू.

साडू बँकेत, कर्ज विभागात. २०११ च्या दसऱ्याला त्यांनी निकॉनचा डी३१०० घेतला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, ताईंनी, झाकणावर कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि विचारलं, "आता काढा की एक फोटो." साडू म्हणाले, "आधी वाचू दे." कर्जप्रकरणांवर शेरे मारून सरावलेला हात, माहितीपुस्तिकेच्या समासातही लाल पेनानं 'स्पष्ट नाही', 'पान उलटून पाहणे', 'खुलासा मागवणे' असे शेरे पडू लागले. खुलासा कुणाकडून मागवायचा होता ते कळलं नाही. दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यानं बाहेरचं जग पाहिलं नव्हतं.

दिवाळीत बाहेर आला तो थेट मॅन्युअल मोडवर. वरच्या चकतीवर हिरव्या रंगात ऑटो लिहिलेलं असतं, शेजारी फूल, डोंगर, पळणारा माणूस अशी चित्रं असतात. चित्रावर चकती फिरवली की बाकीचं कॅमेरा पाहून घेतो. साडूंना त्या चित्रांचा मनस्वी राग. "ती अंगठेबहाद्दरांसाठी. आपण सही करणारी माणसं." ऑटोवर चांगला फोटो आला तर श्रेय कॅमेऱ्याला जाणार आणि मॅन्युअलवर वाईट आला तरी तो आपला, असं त्यांचं शास्त्र. या जातीच्या माणसाला फोटो हवाच असतो असं नाही, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. त्याला काढणं हवं असतं.

शिकलेलं मनात ठेवणं साडूंच्या स्वभावात नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांनी सासूबाईंना अ‍ॅपर्चर समजावून दिलं. भिंगामागचं छिद्र लहानमोठं करता येतं, त्याचे 'एफ' आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे, आणि आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान.

"जावईबापू, हे उलटं कुणी ठरवलं?"

"उलटं नाही आई, अपूर्णांक आहे. लेन्स पन्नासची धरा. पन्नास भागिले दोन, छिद्र पंचवीस मिलिमीटर. पन्नास भागिले सोळा, जेमतेम तीन."

"मग पंचवीस आणि तीन असंच लिहायचं की सरळ."

माझी सहानुभूती सासूबाईंकडे होती. पण साडूंचं म्हणणं चूक नव्हतं. भागाकारात सांगितलं की लेन्स कुठलीही असो, एफ आठ म्हणजे साधारण तेवढाच उजेड, हा त्यातला फायदा. आणि आकडेही मनाचे नाहीत, दर पायरीला उजेड निम्मा होतो. हे सगळं साडूंना बिनचूक पाठ होतं. माणूस हुशार, त्याबद्दल वाद नाही. अडचण एवढीच की, त्यांचं गणित सुटेपर्यंत समोरच्यांनी हसत उभं राहायचं असे. ग्रुप फोटोत पहिल्या रांगेतली मुलं रडायला लागत, दुसरीतल्या बायका एकमेकींच्या साड्यांच्या किमती विचारून मोकळ्या होत, मागून कुणीतरी म्हणे, "दाबा की हो बटण!" साडू कॅमेऱ्यामागूनच उत्तर देत, "उजेड बदलला."

तो बदललेला असेही, कारण दरम्यान सूर्य मावळलेला असे.

भाचीच्या लग्नात त्यांची खरी परीक्षा झाली. आदल्या आठवड्यात त्यांना उन्हाचा नियम सापडला होता: लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर सोळा ठेवा आणि जेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची जाण, तेवढ्याव्या भागाचं शटर. आयएसओ शंभर, तर सेकंदाचा शंभरावा भाग. फिल्मच्या जमान्यातला जुना, खणखणीत नियम. साडूंनी तो कार्यालयाच्या हॉलमध्ये वापरला. हॉलमध्ये कितीही दिवे लावले तरी उजेड उन्हाच्या मानानं शेकडो पटींनी कमी असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. गुरुजींची मंगलाष्टकं पहिल्या कडव्यावर असताना साडूंच्या पडद्यावर काळोख होता. दुसऱ्या कडव्याला त्यांनी अ‍ॅपर्चर उघडलं. तिसऱ्याला आयएसओ वाढवला. चौथ्याला शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणलं. "काका, जरा बाजूला," असं कंत्राटी फोटोग्राफर म्हणाला, तेव्हा ते हिशेबाच्या शेवटच्या ओळीवर होते. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, ताशा वाजला. साडूंच्या फोटोत नवरीला दोन नाकं आली आणि नवरदेव अर्धा पुसला गेला.

घरी फोटो पाहताना ताई काही बोलल्या नाहीत. साडूंनीच सांगितलं, "गती दाखवायची होती."

एकदा त्यांनी मला आरसा दाखवला. हे सिंहगडावर, कल्याण दरवाज्यापाशी, सोसाट्याचा वारा सुटलेला असताना. लेन्स उतरवून काखेत धरली आणि उघडा कॅमेरा माझ्यासमोर केला. आत तिरका बसवलेला चिमुकला आरसा होता. लेन्समधून आलेला उजेड त्यावर पडून वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा फटकन वर उचलला जातो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. "म्हणजे साडूभाऊ, लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं." मी म्हटलं, "पण आरसा वर गेला की आपल्याला काय दिसतं?" साडू थांबले. "तेवढ्यापुरतं काही नाही." ज्या क्षणाचा फोटो निघतो तो क्षण काढणाऱ्याला कधीच दिसत नाही, ही या यंत्राची मोठी गंमत आहे. साडूंना अर्थात त्या क्षणाच्या आधीचंही क्वचितच दिसे.

पुढे सगळे जाणकार सांगतात तसं त्यांनाही कुणीतरी सांगितलं, "फिफ्टी घ्या." साडू डेक्कन क्वीननं मुंबईला गेले, बोरा बाजारात दिवसभर फिरले आणि पन्नास मिलिमीटरची, एक पूर्णांक आठची जुनी लेन्स स्वस्तात घेऊन आले. घरी बसवून पाहिली तर आपोआप फोकस होईना. त्या जातीच्या लेन्सला फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात असावी लागते, आणि निकॉननं ती डी३१०० मध्ये घातलेलीच नाही. हे माहितीपुस्तिकेत आहे. त्या परिच्छेदासमोर साडूंचा लाल शेरा होता: 'लागू नाही'. मला वाटलं, आता लेन्स परत करतील. साडूंचा चेहरा उजळला. हातानं फिरवायला आणखी एक गोष्ट मिळाली होती.

त्या लेन्सनं त्यांनी सासऱ्यांचा पंच्याहत्तरीचा फोटो काढला. एवढ्या उघड्या छिद्रावर हातभर अंतरावरून काढलं की स्पष्ट भाग जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा येतो. सासऱ्यांच्या नाकाचा शेंडा अप्रतिम आला. बाकीचे सासरे धुक्यात होते.

भिगवणला मात्र फिफ्टी चालेना, आणि किट लेन्सही पंचावन्नच्या पुढे जाईना. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी हजारांनी उतरतात. साडू पहाटे अंधारात निघून होडीत बसून जाऊन आले. फोटो पाहून ताई म्हणाल्या, "धरणात गुलाल कुणी सांडला?"

पण निसर्गाची त्यांची आवड टिकली ती घारीमुळे. सिंहगडावरून आल्यावर त्यांनी फोटो मोठा करून पाहिला तर उजव्या बाजूला, आभाळात, एक बारीकसा काळसर पक्षी. आभाळाचे फोटो साडू नेहमी एफ बावीसवर काढत, सगळं लांबपर्यंत स्पष्ट यावं म्हणून. एवढं बारीक छिद्र केलं की उलट सगळंच किंचित मऊ येतं, पण तो शेरा त्यांनी अजून मारलेला नव्हता. 'सिंहगडाची घार' फेसबुकवर गाजली. मग कासच्या फोटोतही घार आली. मग भिगवणच्या. मग कन्येच्या पदवीदानाच्या दिवशी विद्यापीठावरही ती होती. फिफ्टीनं काढलेल्या फोटोत तेवढी नसायची. "लाजाळू पक्षी आहे," साडू म्हणायचे.

मुलाला संशय आला. त्यानं सगळे फोटो एकाखाली एक लावले. "बाबा, ही कायम इथंच कशी?"

"घिरट्या घालते."

"आणि उभ्या फोटोत कोपरा बदलून?"

मुलानं कॅमेरा घेतला, एफ बावीसवर ठेवला आणि दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर, कॅलेंडरच्या जरा वर, घार उडत होती. सिंहगडच्या वाऱ्यात सेन्सरवर जाऊन बसलेला धुळीचा कण होता तो. छिद्र मोठं असलं की त्याची सावली विरून जाते, बारीक केलं की उमटते. मुलानं रबरी पंपानं दोन फुंका मारल्या आणि घार उडाली. साडू त्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत.

तोवर सोसायटीची दिनदर्शिका छापखान्यातून छापून आली होती. मार्च महिन्यावर 'सिंहगडाची घार', खाली साडूंचं नाव. चिटणिसांनी एक प्रत मोठी करून कार्यालयात फ्रेममध्ये लावली. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात, आयुष्यभर दुर्बीण घेऊन पक्षी बघत हिंडलेले. ते फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले, चष्मा वर-खाली केला. साडू आणि मी मागे होतो.

"घार नव्हे ही," प्राध्यापक म्हणाले. माझा श्वास अडकला. "शेपटी बघा. शिक्रा असावा. तुम्हाला कधी दिसला?"

साडू बँकेतला माणूस. खोटं विधान त्यांच्या हातून होत नाही.

"दिसतो अधूनमधून," ते म्हणाले. "एफ बावीसला."