सिमियेनमध्ये सोल निघाला

लिफ्ट बंद असली की मी पहिल्या मजल्यावरच कुणाच्या तरी घरी पाणी मागतो. असा माणूस इथिओपियाच्या सिमियेन पर्वतात का गेला? एक तर वालिया नावाचा रानबोकड जगात फक्त तिथेच उरलाय. दुसरं, ते राष्ट्रीय उद्यान 1978 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिसरं, सौ.ने तिकिटं काढली होती. तिसरं कारण पुरेसं होतं.

देबार्कच्या कचेरीत नोंद केली की सोबत बंदूकधारी स्काउट देतात. आमचे स्काउट साठी उलटलेले. अंगावर शाल, खांद्याला रायफल, पायात प्लास्टिकच्या चपला. मला त्यांची कीव आली. माझ्या पायात ट्रेकिंगचे महागडे बूट होते, कित्येक वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले.

सांकाबेर सोडलं आणि चढावर उजव्या बुटाचा सोल निघाला. थोड्या वेळाने डाव्यानेही साथ दिली. पॉलियुरेथेन नुसतं ठेवलं तरी हवेतल्या ओलाव्याने विरतं, हे एका जर्मन गिर्यारोहकाने मला ऐकवलं, तेही न विचारता. मुंबईच्या पावसाळ्यांनी काम चोख केलं होतं. सोल चहात बुडवलेल्या मारी बिस्किटासारखा हातात येत होता. बूट माळ्यावर टाकायची कल्पना कोणाची, हे मी सौ.ला विचारलं नाही. त्यासाठी श्वास लागतो.

शेजारी गेलाडा माकडांचा कळप चरत होता. चरतच होता, गवतावर पोट भरणारं माकड हे एवढंच. छातीवर लालभडक डाग, आणि हातांनी गवत खुडत बसल्या जागी ढुंगणावर पुढे सरकायचं. उठायचं नाव नाही. इतकी समंजस चाल मी कुठल्याच ट्रेकमध्ये पाहिली नव्हती.

स्काउटनी आपल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि गार दगडांवर अनवाणी उभे राहिले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. मला बोलता येईना. चपला मला होणाऱ्या नव्हत्या, तरी मी पाय घालून पाहिला. मग त्यांनीच खेचराच्या ओझ्याची दोरी सोडून माझे बूट करकचून बांधले. दर अर्ध्या तासाने गाठ सुटायची.

वाटेत जिनबारचा धबधबा लागला. बराच खोल पडतो म्हणे.

चेन्नेकला वालिया आला. मागे वळलेली भलीमोठी शिंगं, कड्याच्या अगदी टोकाशी. मी तेव्हा गाठ मारत होतो. सौ.च्या फोटोत तो झकास आलाय, आणि खाली डावीकडे माझी वाकलेली पाठ. फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. तो कोपरा कापायचा की नाही, यावर वाद चालू आहे.