थर्मल घालून बहामाला

परदेशात मुलाकडं गेलेल्या आईवडिलांना स्वतःचं मत नसतं. तो नायगारा म्हणाला की नायगारा, कॉस्टको म्हणाला की कॉस्टको. जानेवारीत एका रात्री जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं, "तुम्हा दोघांचं क्रूझ बुक केलंय. मायामीहून बहामा." मी विचारलं, किती वाजता निघायचं. बायकोनं विचारलं, किती पडले. तिला अजून उत्तर मिळालेलं नाही.

न्यू जर्सीत मुलाच्या घरून निघालो त्या पहाटे पारा शून्याच्या खाली होता. मी आतून थर्मल, वरून फ्लॅनेलचा शर्ट, खाली कॉर्डरॉयची पँट असा जय्यत निघालो. हलके कपडे बॅगेत होतेच, तिकडं पोचल्यावर बदलायचे. बॅग भरणं हे आमच्या घरात माझं खातं आहे आणि त्यात मी कुणाला ढवळाढवळ करू देत नाही. "अहो, जहाजावर चहा मिळेल की," असं बायको म्हणत होती. पण अमेरिकेत चहा म्हणून जे देतात, ते म्हणजे कोमट पाण्यात दोरीनं सोडलेली पुडी. तेव्हा विजेची छोटी किटली घेतली. किटलीसाठी एक्स्टेंशन बोर्ड घेतला. बोर्डाला रिकामं छिद्र उरत होतं म्हणून प्रवासी इस्त्री घेतली. शिवाय सकाळच्या पूजेला उदबत्तीचा पुडा.

मायामी बंदरावर टॅक्सीतून उतरलो न उतरलो तोच एका हमालानं बॅगेला पट्टी चिकटवली आणि ती गाडीवर टाकून नेली. बॅग आता थेट खोलीच्या दाराशी येणार! ही सोय मला इतकी आवडली की मी त्याला खुशीनं पाच डॉलर दिले. बॅग कधी येणार हे काही विचारलं नाही. हजारो प्रवाशांच्या बॅगा यंत्राखालून जातात, मग मजल्यावार लागतात, मग खोल्यांपाशी पोचतात, त्यात संध्याकाळ होते. ही माहिती आम्हाला जहाजावर चढल्यावर बुफेच्या रांगेत एका अनुभवी आजीबाईंनी दिली. त्या स्वतः पोहण्याच्या पोशाखात होत्या. तो त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून आणला होता. तिथल्या सगळ्यांनीच आणला होता.

बाहेर सव्वीस अंश. पोहण्याच्या तळ्याकाठी शेपाचशे माणसं अंगावर जेमतेम कापड ठेवून पहुडलेली आणि त्यांच्यामधून मी कॉर्डरॉयमध्ये खसखस आवाज करत चाललेलो. बायकोनं स्वेटर काढून पर्समध्ये कोंबला. खाली सुती कुडता होता. तिच्या पर्समध्ये तिच्या गोळ्या, चपला, टोपी, सगळं होतं. माझी रक्तदाबाची गोळी बॅगेत होती, इस्त्रीच्या शेजारी.

शेवटी मी स्वच्छतागृहात जाऊन निदान वरचं थर्मल उतरवलं आणि घडी करून आरामखुर्चीवर ठेवलं. सरबत घेऊन परत येतो तो एक हसतमुख पोरगा ते पांढरं थर्मल उचलून वापरलेल्या टॉवेलांच्या पिंपात टाकत होता. मी धावलो. ओल्या टॉवेलांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून स्वतःचं अंतर्वस्त्र शोधणारा माणूस पाहून तळ्यातलं पोहणं थोडा वेळ थांबलं. सापडलं. मात्र आता ते ओलं होतं आणि ठेवायला जागा नव्हती.

मग एखादी अर्धी चड्डी विकत घ्यावी म्हणून जहाजावरच्या दुकानांकडं गेलो. सगळ्यांची शटरं खाली. जहाज धक्क्याला लागलेलं असताना बिनकराची दुकानं आणि कॅसिनो बंद ठेवतात, देशाची हद्द ओलांडली की उघडतात. जुगारी आणि मी, आम्ही दोघंही अमेरिका कधी संपते याची वाट बघत बसलो.

त्याआधी कवायत होती. संकटाची खूण म्हणजे भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज. तो ऐकला की ठरलेल्या जागी जमायचं. बाकीचे प्रवासी हातात पेले घेऊन आले होते. बायको मात्र सगळ्यांच्या पुढं. तिचं माहेर रेवसजवळचं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १९४७ च्या जुलैत बुडाली आणि शेकडो माणसं गेली. त्या घरात ते अजून बोललं जातं. बोटीत चढली की ही आधी तराफे कुठं आहेत ते बघते. तिचं चुकत नाही. पूर्वी ही कवायत निघाल्यापासून चोवीस तासांत उरकली तरी चालायची. २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. ३२ माणसं दगावली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावीच लागते. "अहो, ऐकताय ना?" बायकोनं विचारलं. मी थंड हवेच्या झरोक्याखाली जागा मिळते का ते बघत होतो.

जहाज सुटलं ते दृश्य खरोखर सुंदर होतं. दोन्ही बाजूंना मायामीच्या इमारती, काठावरून हात हलवणारे लोक. मायामी ते बहामातलं नसाऊ जेमतेम तीनशे किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई-रत्नागिरी. जहाज ते रात्रभर रेंगाळत कापतं, कारण तेवढ्या वेळात प्रवाशांना खर्च करायचा असतो. मध्ये गल्फ स्ट्रीम लागतो. हा समुद्रातला उष्ण प्रवाह ताशी सहा-सात किलोमीटर वेगानं उत्तरेकडं वाहतो, आणि समोरून उत्तरेचा वारा आला की लाटा उभ्या राहतात. वारा आलेला होता. मला एकाच वेळी उकडू लागलं आणि मळमळू लागलं.

दुकानं उघडली तेव्हा सर्वात स्वस्त टी-शर्टावर काळा चष्मा लावलेला पोपट होता. जहाजावर रोख चालत नाही. गळ्यातलं कार्ड दाखवायचं, आणि आमचं कार्ड चिरंजीवांच्या खात्याला जोडलेलं. दोन मिनिटांत निरोप आला, "बाबा, एन्जॉय करताय वाटतं!"

रात्री आठपर्यंत आमच्या बोळातल्या प्रत्येक दारापुढं बॅग होती, आमच्याच दारापुढं नव्हती. चौकशी केल्यावर आम्हाला अगदी खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. तिथं अडवलेल्या बॅगा रांगेत मांडल्या होत्या आणि मालक माना खाली घालून उभे होते. बॅग उघडायला लावणारा सुरक्षावाला गोव्याचा निघाला. आमचं मराठी ऐकून त्याचा चेहरा फुलला. त्यानं एकेक वस्तू टेबलावर ठेवली. किटली. बोर्ड. इस्त्री. पुडा हुंगून म्हणाला, "उदबत्तीय आसा?" मग समजावून सांगितलं, "काका, बोटीर पाण्यापेक्षा आगीचं भय जास्त. आग लागली तर पळून जाणार कुठं?"

बायको इतका वेळ गप्प होती. तिनं फक्त विचारलं, "इथं चहा कुठं चांगला मिळतो रे?" त्यानं सांगितलं, बुफेत स्वयंपाकी आपलेच आहेत, मागितला तर उकळून देतात.

देतात. आलं घालून देतात.

तेव्हा क्रूझला जाणाऱ्यांना विनंती: किटली, इस्त्री, उदबत्ती घरी ठेवा, आणि औषधं व एक अर्धी चड्डी खांद्यावरच्या पिशवीत घ्या. तरीही नेलीच किटली, तर पावती जपून ठेवा. जप्त वस्तू शेवटच्या दिवशी सकाळी परत देतात. त्या रांगेत लवकर उभं राहावं लागतं, कारण निम्मी रांग आपल्याच लोकांची असते.